साडेआठ कोटी हेलपाटे

मोजणीबाईंना राग आला की त्या आकड्यांत बोलत. इतर माणसं रागावली की दारं आपटतात, जुनी उणीदुणी काढतात, निदान जेवणावर तरी रुसतात. बाईंचं तसं नव्हतं. पलंगावर ओला टॉवेल दिसला की त्या नवऱ्याला अगदी शांतपणे सांगत, "अहो, ही अकरावी वेळ. अठ्ठावीस दिवसांतली." नवऱ्याला बिचाऱ्याला ओरडणं परवडलं असतं. ओरडण्याला उलट ओरडता येतं. अकराला काय उत्तर देणार? फार तर दहा म्हणता आलं असतं, पण त्यासाठी आपणही मोजलेलं असावं लागतं.

ही खोड जन्माची नव्हे, नोकरीची. बाविसाव्या वर्षी त्या रस्ते खात्यात रहदारी मोजायला लागल्या. चौकातल्या फुटपाथवर घडीची खुर्ची, मांडीवर फळी, फळीवर कागद. गाडी गेली की एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जी चूक केली, ती त्या खात्याबाहेर कुणाला करायची म्हटली तरी जमली नसती. चौकातल्या गोल बेटाभोवती ड्रायव्हिंग स्कूलची एक गाडी सकाळभर फेऱ्या घालत होती. शिकणाऱ्या गृहस्थांना बाहेर पडायचा धीरच होईना. बाईंनी इमानेइतबारे प्रत्येक फेरीला एक रेघ मारली. एकशे सेहेचाळीस रेघा झाल्या. महिन्याभरात तो चौक रुंद करायचा प्रस्ताव तयार झाला, कोपऱ्यावरचं एक जुनं झाड कापायचंही ठरलं. मग खात्यातल्या म्हाताऱ्या मोजणीप्रमुखांनी कागद डोळ्यांजवळ धरून विचारलं की एवढ्या गाड्या आत आल्या, तर त्या गेल्या कुठे? बाईंनी मान खाली घालून खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, जाणारा वेगळा आणि फिरणारा वेगळा. जाणाऱ्याला कुठेतरी पोचायचं असतं."

झाड वाचलं. बाई मात्र त्या दिवसापासून कायमच्या संशयी झाल्या.

पुढे सतरा वर्षांनी खात्याने मोजणी यंत्रांकडे दिली आणि बाई नव्या कंपनीत मुलाखतीला गेल्या. ही कंपनी सोशल नेटवर्कांची रहदारी मोजायची: कुठल्या नेटवर्कवर किती लोक येतात, किती वेळा येतात, कोण वाढतंय, कोण ओसरतंय. साहेबांनी अनुभव विचारला. बाई म्हणाल्या, सतरा वर्षं रहदारी. साहेब खूश. ती रहदारी डांबरावरची होती हे त्यांना दुसऱ्या महिन्यात कळलं, तोवर बाईंनी जुन्या तक्त्यांतल्या नऊ चुका काढलेल्या होत्या, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर. अकरा टेबलं, चार खिडक्या, त्यांतली एक उघडणारी. बारा हजार घरांनी राजीखुशीने आपापल्या फोनमध्ये कंपनीचा मोजणारा प्रोग्राम बसवून घेतला होता. त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधायचा आणि दर तीन महिन्यांनी एक तक्ता काढायचा. तो जाहिरातवाले घेत, वर्तमानपत्रं घेत, खुद्द नेटवर्कवालेही घेत. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असे: 'मोजणी तपासली', आणि पुढे बाईंचं नाव. ती ओळ कुणी वाचत नसे. पण नऊ वर्षांत एकही आकडा मागे घ्यावा लागला नव्हता, आणि बाईंच्या लेखी त्यांची सगळी इस्टेट ती एवढीच होती.

ऑफिसात मोठ्या तीन नेटवर्कांना कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. थोरला, मधला आणि धाकटा. थोरला सगळ्यांत जुना. एके काळी अख्खं जग त्याच्या अंगणात, आणि आता त्याच्याकडे राहिलेले सगळे साठीच्या पुढचे. मधला नीटनेटका, फोटोवाला, वर्षानुवर्षं एका रेषेत चालणारा. धाकटा पंधरा सेकंदांच्या व्हिडिओंचा. त्याचा आलेख काढताना कागद अपुरा पडतो, अशी तक्रार आलेख काढणाऱ्या बाई करत. या आलेखवाल्या बाईंची जीभ त्यांच्या रेषांपेक्षा धारदार होती. थोरल्याची रेष सहा वर्षं उताराला लागली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की याच्यासाठी आता कागद आडवा नको, उभा धरायला हवा.

तक्त्यातला सगळ्यांत मोठा रकाना 'भेटी'. कुणी नेटवर्क उघडलं की एक भेट. या शब्दाशी बाईंचं पहिल्या दिवसापासून वाकडं. भेट म्हटली की समोर कुणीतरी असायला हवं, असं त्यांनी एकदा मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं होतं. साहेब म्हणाले होते, "बाई, तो शब्द आहे. भावना नाही."  

तर त्या तिमाहीत नवल घडलं. थोरला वाढला. साडेबावीस कोटी भेटींवरून एकदम एकतीस कोटी. अडतीस टक्के वाढ! ऑफिसात लग्नघराची कळा आली. थोरला परत आला, ही बातमी कुठलंही वर्तमानपत्र पहिल्या पानावर घेईल, आणि बातमीखाली आपल्या कंपनीचं नाव. आलेखवाल्या बाईंनी उतरत्या रेषेच्या टोकाला असा उभा सुळका काढला की साहेब तो दर तासाला येऊन बघून जात, पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखे.

बाईंनी मात्र कागद डोळ्यांजवळ धरला. एवढी माणसं आली, तर ती करतायत काय?

त्यांनी भेटी लांबीप्रमाणे वेगळ्या केल्या. थोरल्याकडची नेहमीची भेट अकरा मिनिटांची. ती तशीच होती, साडेबावीस कोटी, ना एक कमी ना एक जास्त म्हणावं इतकी. नवा ढीग मात्र भलताच निघाला. साडेआठ कोटी भेटी, प्रत्येकी सरासरी सात सेकंदांच्या. मागच्या तिमाहीत असल्या भेटी औषधालाही नव्हत्या. आणि त्यांतल्या दहापैकी आठ साठीच्या पुढच्या माणसांच्या.

सात सेकंदांत माणूस काय करतो? फोन उघडतो, चष्मा सारखा करतो, बघतो, काही नाही म्हणतो, बंद करतो. हे बाईंना कागदावरून कळायची गरज नव्हती. हे त्यांच्या घरातच चाललं होतं.

घरी सासरे होते. ब्याऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं पायी फिरून गुडघे खात्याला देऊन आलेले. धाकटा मुलगा दूरच्या देशात नोकरीला गेला, तेव्हा जाताना त्याने वडिलांच्या फोनवर थोरलं नेटवर्क घालून दिलं आणि सांगितलं, बाबा, मी इथेच भेटेन. सासरे ते शब्दशः घेऊन बसले. पोस्टमनला पत्ता दिला की तो पत्ता खरा धरतो.

फोन बैठकीत, खिडकीपाशी. चार्जर तिथेच लागायचा. सासऱ्यांची खुर्ची आतल्या खोलीत. मध्ये चौदा पावलं. गेल्या काही महिन्यांपासून फोन टिंग करायला लागला होता. टिंग झालं की सासरे खुर्चीच्या हातांवर जोर देत उठत, भिंत धरत जात, चष्मा शोधत. फोनवर लिहिलेलं असे: 'तुमच्या ओळखीच्या कुणीतरी काहीतरी नवीन टाकलंय!' ते बोटाने दाबत. कुणी काही टाकलेलं नसे. फार तर कुठल्याशा अनोळखी इसमाने आपल्या मोटारीचा फोटो लावलेला असे. सासरे फोन ठेवत आणि चौदा पावलं परत येत.

बाईंनी रविवारी दिवसभर मोजलं. एकोणीस वेळा.

टिंग बंद करता आली असती, नाही असं नाही. नवऱ्याने एकदा केलीही होती. सासरे दोन दिवस उपाशी असल्यासारखे घरात फिरले. मुलाने लिहिलं आणि आपल्याला कळलंच नाही तर? खरं कारस्थान इथेच होतं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाण्याचं कारणही हेच. ही टिंग त्यांच्यावरच चालत होती ज्यांना कुणाची तरी वाट पाहायची होती. धाकट्याकडे जाणाऱ्या विशीच्या पोरांना असली टिंग दिली तर ती फोन पालथा घालून मोकळी होतात. म्हातारी माणसं उठतात. आणि त्यांच्या उठण्याला आता वाढ म्हणायचं होतं. खाली 'मोजणी तपासली' लिहून.

सोमवारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. कागद पुढे ठेवले आणि त्यांना ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची गोष्ट सांगितली, सगळी, झाडासकट. साहेब माणूस वाईट नव्हता. तो खोटं कधी बोलत नसे; नियम बोलत असे. नियमात भेट म्हणजे उघडणं. किती वेळ उघडं ठेवलं, का उघडलं, उघडल्यावर हिरमोड झाला का, हे नियमात नाही. नियम बदलायला समिती बसते, ती पाच वर्षांतून एकदा, आणि तीही चहा गार होईपर्यंतच.

"साहेब, ह्या भेटी नाहीत. हे फसवून दार उघडायला लावणं आहे."

"पण दार उघडलं ना?"

"उघडलं."

"मग आपण दार मोजतो, बाई. फसवणूक मोजणारी कंपनी वेगळी असेल. मला ठाऊक नाही कुठे आहे ती."

बाईंनी त्यांना सांगितलं की या खोलीत आल्यापासून त्यांनी 'नियम' हा शब्द सात वेळा उच्चारला आहे. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ते मृदू आवाजात बोलले, आणि मृदू आवाजातली बोलणीच जास्त लागतात. तक्ता उद्या दुपारी बारापर्यंत जायला हवा. बाईंना ओळीत नाव नको असेल तर ते काढता येईल. पण मग ते पुढच्याही तक्त्यातून निघालेलं राहील. निवृत्तीला अजून दहा वर्षं आहेत, शांतपणे विचार करावा.

बाहेर आलेखवाल्या बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि पाण्याची बाटली पुढे केली. किती, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, "सात. आणि 'समिती' दोनदा."

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा सासरे नुकतेच एक फेरी संपवून खुर्चीत टेकत होते. कोपर सोलवटलेलं दिसलं. विचारल्यावर काही नाही म्हणाले. मग स्टुलाला लागलं म्हणाले. मग टिंग झाली होती म्हणाले. बाई औषधाचा कापूस घेऊन खाली बसल्या. त्यांना ओरडायचं होतं, पण ज्याच्यावर ओरडायचं ते या खोलीत नव्हतं. हे मोठ्या नेटवर्कांचं एक बरं असतं. त्यांच्यावर ओरडायला त्यांना चेहराच नसतो, आणि पत्र लिहावं तर उत्तर येतं की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

कापूस दाबत त्यांनी विचारलं की बाबा, दरवेळी काही नसतं, तरी राग कसा येत नाही?

सासऱ्यांना राग येत होता. इतका येत होता की ते बघून बाईंचा हात थांबला. चाळीस वर्षांत, ते म्हणाले, पाऊस असो, ऊन असो, कुत्रं मागे लागलेलं असो, हातात पत्र असल्याशिवाय त्यांनी कुणाचं दार वाजवलं नव्हतं. एकदाही नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही. दार वाजलं की आतला माणूस काय काय मनात आणून उठतो हे त्यांनी चाळीस वर्षं उंबऱ्यापलीकडून पाहिलेलं होतं.

"आणि हा मेला रोज वीस वेळा वाजवतो, रिकाम्या हाताने," ते म्हणाले. "नुसते हेलपाटे गं, सूनबाई. हेलपाटे."

बाईंनी पट्टी चिकटवली. आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या कपाळावरची ताठलेली शीर खाली बसली. अचूक शब्द सापडला की त्यांचं असंच होत असे.

मंगळवारी त्या पावणेनऊला ऑफिसात होत्या. तक्ता पाठवण्यापूर्वी शेवटचा हात त्यांचाच फिरायचा. त्यांनी एकही आकडा बदलला नाही. आकडा बदलणं त्यांच्या हातून झालंच नसतं, तो हातच तसा घडलेला नव्हता. त्यांनी फक्त एक रकाना दोन केला. पहिल्यावर मथळा राहिला 'भेटी'. दुसऱ्यावर त्यांनी तितक्याच जाडीच्या अक्षरांत लिहिलं: 'हेलपाटे'. थोरला: भेटी साडेबावीस कोटी, हेलपाटे साडेआठ कोटी, एकूण एकतीस. मधल्याचे हेलपाटे चाळीस लाख, धाकट्याचे अकरा लाख. खाली एका ओळीत खुलासा: बोलावलं म्हणून आले, काही नव्हतं म्हणून सात सेकंदांत परत गेले, ते. आणि त्याच्याखाली 'मोजणी तपासली', आणि नाव.

साहेबांनी साडेअकराला तक्ता पाहिला. ते नेहमीप्रमाणे उजवीकडून पाहत. एकूण बरोबर, सुळका उंच, थोरल्याच्या नावाचं शुद्धलेखन ठीक. नऊ वर्षं मथळे तेच असल्यावर मथळे कोण वाचतो? बारा वाजता तक्ता सगळीकडे गेला. आलेखवाल्या बाईंनी तो पडद्यावर उघडला, डावीकडून वाचला, आणि आपली खुर्ची बाईंच्या टेबलाशेजारी आणून ठेवली.

पहिला फोन दोनला आला. थोरल्याचा माणूस होता. आवाज साहेबांच्या बंद दाराबाहेर येत होता, त्यामुळे सगळ्या ऑफिसाने तो आदराने ऐकला. त्यांच्या एकतीस कोटी भेटींतल्या साडेआठ कोटींना हेलपाटे म्हणायची कुणाची छाती झाली, हा कुठला तांत्रिक शब्द, याची जागतिक व्याख्या दाखवा. साहेब म्हणत होते की मुद्रणदोष आहे. बाईंनी हे ऐकलं आणि उठून दार उघडलं.

"मुद्रणदोष नाही," त्या म्हणाल्या. "तपासलेलं आहे."

शुद्धिपत्र काढायचं ठरलं. ते लिहायला बाईंनी नकार दिला, म्हणून साहेबांनी स्वतः लिहिलं: 'तक्त्यातील "हेलपाटे" हे "भेटी" असे वाचावे.' संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना गेलं. आणि ज्यांनी तक्ता उघडलाच नव्हता, त्या तीनशे लोकांनी तो आता शुद्धिपत्रात काय आहे ते बघायला उघडला. एका वर्तमानपत्राने दुसऱ्या दिवशी दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापले. थोरला परत आला ही बातमी कुणीच छापली नाही.

टिंग मात्र थांबली नाही. थोरल्याला लाज वाटायला अवयव नव्हता. बाईंचं नाव ओळीतून गेलं आणि त्यांना 'इतर' या रांगेवर बसवण्यात आलं, जिथे देशातली सगळी बारकी नेटवर्कं एका आकड्यात कोंबलेली असतात. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. खिडकी न उघडणारी.

त्या दिवशी त्या दुपारीच घरी आल्या. सासरे वामकुक्षी घेत होते. आणि बाईंच्या ध्यानात आलं की मोजणीत एक रांग त्यांनी घेतलीच नव्हती. त्यांनी सासऱ्यांच्या फोनमधली गेल्या एकवीस दिवसांची नोंद मोजली आणि दूरच्या देशात दिराला फोन लावला. तिथे सकाळ होती.

"भाऊजी, एकवीस दिवसांत बाबा तीनशे नव्याण्णव वेळा उठले. त्यांत तुमच्यासाठी उठले तीनशे नव्याण्णव वेळा. तुमचं निघालं शून्य वेळा."

दीर गडबडला. वहिनी, असं कसं, मी रोज असतो की तिथे, बाबांनी परवा टाकलेल्या खिडकीच्या फोटोला मी लगेच लाइक केलं, दिसलं नाही का त्यांना? त्याचा स्वर खरोखरच दुखावलेला होता. तो मनापासून समजत होता की तो भेटतो आहे.

"ते मी मोजत नाही," बाई म्हणाल्या. "साडेचारला उठतात. तेव्हा फोन करा. बोटाने नाही, तोंडाने."

साडेचार वाजले. सासरे उठून खुर्चीत बसले. चार बत्तीसला बैठकीतला फोन वाजला. टिंग नाही, चांगली खणखणीत घंटी. बाई आतल्या खोलीतच, खुर्चीपाशी उभ्या होत्या. सासऱ्यांनी मान वळवली, आवाजाकडे पाहिलं, आणि हात खुर्चीच्या हातांवर टेकवलेच नाहीत.

"वाजू दे गं," ते म्हणाले. "काही नसतं."

बाई चौदा पावलं गेल्या. फोन उचलला. तो घेऊन त्या परत आल्या. त्यांना उभ्या आयुष्यात इतका राग आला नव्हता, आणि तो सांगायला एकही आकडा सापडत नव्हता.

"बाबा, धरा," त्या म्हणाल्या. "हा आहे."